सिम्युलेशन शीक, पण मशीन सोडून नको

प्रश्न : मेकॅनिकल डिप्लोमानंतर मी भोसरीतल्या एका ॲल्युमिनियम डायकास्टिंग कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. घरचे म्हणतात, भट्टीजवळचं काम सोड, सिम्युलेशनचा, म्हणजे धातू साच्यात कसा भरेल ते कॉम्प्युटरवर बघण्याचा, महागडा कोर्स कर. साहेब म्हणतात, टूल डेव्हलपमेंटला ये, बाहेरून डाय, म्हणजे स्टीलचे साचे, करून घ्यायचं काम शीक. काय करू?

उत्तर : साहेबांना हो म्हण. सिम्युलेशन त्याच खुर्चीत बसून शिकता येईल, आणि जास्त चांगलं शिकता येईल.

प्रेशर डायकास्टिंगमध्ये वितळलेलं ॲल्युमिनियम दाबानं डायमध्ये ढकलतात. गेटमधून, म्हणजे डायच्या अरुंद तोंडातून, ते सेकंदाला साधारण ३० ते ५० मीटर वेगानं घुसतं. पार्ट छोटा असेल तर डाय सेकंदाच्या दहाव्या भागातच भरते. डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून मॅग्मासॉफ्ट, प्रोकास्टसारखी सॉफ्टवेअर लागतात. हवा कुठे कोंडेल, कुठला जाड भाग शेवटी गोठेल, याचा अंदाज स्टील कापण्याआधीच येतो. पण फास्ट शॉट, म्हणजे धातू जोरात ढकलण्याचा टप्पा, कुठे सुरू होतो, डाय किती तापलेली असते, डायवर वंगणाचा स्प्रे किती वेळ मारतात, हे सॉफ्टवेअरला कुणीतरी सांगावं लागतं. ढोबळ आकडे भरले तरी स्क्रीनवर रंगीत चित्र उमटतंच, आणि पार्ट मात्र लीक टेस्टला फेल जातो. खरे आकडे तुझ्या मशीनवर आहेत.

एक सवय आत्ताच लाव. लीक झालेला पार्ट क्वालिटीवाल्यांकडून मागून घे, कापून घे आणि आतलं भोक भिंगाखाली बघ. गोलसर, गुळगुळीत असेल तर बहुधा कोंडलेली हवा किंवा वायू. मग शॉटचे वेग, व्हेंट (हवा बाहेर जायच्या फटी), ओव्हरफ्लो (जादा धातू जायचे खळगे) बघायचे. खडबडीत, वेडंवाकडं असेल तर धातू गोठताना आकसलाय. मग तिथली जाडी, कूलिंग लाइन आणि इंटेन्सिफिकेशन प्रेशर, म्हणजे डाय भरल्यावर धातूवर दिलेला वाढीव दाब. त्या पार्टचा सिम्युलेशन रिपोर्ट असेल तर शेजारी ठेव. ही नजर फी भरून मिळत नाही.

आता डाय कुठे करून घ्यायची? कारखान्याची स्वतःची टूलरूम (डाय बनवायचा विभाग), चाकण-भोसरीतला टूलमेकर, की चीन? कोटेशनमधला शेवटचा आकडा बघून हे ठरवता येत नाही. चीनच्या कमी किमतीत वाहतुकीचं भाडं आणि कस्टम ड्यूटी धर. पहिल्या ट्रायलनंतर गेट बदलावा लागला, तर डाय परत पाठवणार कोण? एच-१३ या डायच्या स्टीलचं सर्टिफिकेट, हीट ट्रीटमेंटचा रिपोर्ट, किती शॉटची हमी, कोअर पिन आणि इन्सर्ट या डायच्या बदलता येणाऱ्या भागांचे स्पेअर, करेक्शनचा खर्च कुणाचा, हे सगळं ऑर्डरआधी लेखी हवं. फ्लो सिम्युलेशनचा रिपोर्टही माग, आणि त्यात कुठल्या मशीनचे आकडे भरलेत ते विचार. हा प्रश्न विचारणारी व्यक्ती समोर असली की टूलमेकर सावध होतो. तुला ती व्यक्ती व्हायचंय.

घरच्यांची काळजी रास्त आहे. त्यांना सांग, नव्या विभागात भट्टीसमोरचे तास कमी होतील. ट्रायलला मात्र उभं राहावंच लागेल, आणि तेव्हा फेस शील्ड, ग्लोव्हज, सेफ्टी शूज याबाबत कुणाचीही भीड धरू नकोस.

कोर्स वर्षभरानंतर. तेव्हा आधी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूममधल्या टूल डिझाइनच्या कोर्सची चौकशी कर. ही केंद्र सरकारच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाची संस्था आहे. खासगी क्लासला जायचंच झालं तर तुमच्याच कारखान्यातला एखादा पार्ट सिम्युलेशनमध्ये सोडवून दाखवतील का ते विचार. नाही म्हणाले तर पैसे भरू नकोस.