परसातल्या कोंबड्या: दुकानातून बाटली आणण्याआधी

प्रश्न (मोहोळ तालुका): पंधरापैकी नऊ कोंबड्या चार दिवसांत मेल्या. हिरवट-पांढरी हगवण, मान वाकडी, पाय लुळे. दुकानदाराने दिलेली पावडर पाण्यातून पाजली, फरक नाही. आता काय द्यावे?

काही देऊ नका. लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेतची आहेत. हा विषाणूचा आजार आहे, त्यावर औषध नाही. दुकानदाराने दिले ते बहुधा अँटिबायोटिक. ते जिवाणूवर चालते, विषाणूवर नाही. तरी गेली कित्येक वर्षे मी प्रत्येक वस्तीवर त्याच रिकाम्या बाटल्या बघतोय. एका पुडीने फरक नाही म्हणून दोन, दोनाने नाही म्हणून चार. औषध चौपट केले म्हणून विषाणू मरत नाही; कोंबडीचे मूत्रपिंड मात्र जाते, आणि उरलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतून ते औषध तुमच्या पोरांच्या पोटात जाते. कोलिस्टिन असलेली औषधे तर खाद्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना द्यायला २०१९ पासून बंदी आहे. जुना माल कोणी गळ्यात मारत असेल तर नाव वाचून परत करा.

उरलेल्या सहा वेगळ्या ठेवा. मेलेल्या चुना टाकून खोल पुरा, ओढ्यात फेकू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आजच कळवा, कारण बर्ड फ्लूची मरही अशीच दिसते आणि ती अंगणात उभे राहून ओळखता येत नाही. दवाखान्याचे कोणी भेटत नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. आणि एक गोष्ट रागावून सांगतो: मर लागली म्हणून उरलेल्या कोंबड्या घाईने आठवडी बाजारात नेऊ नका. तुमच्याकडे तरी हा रोग बहुतेक असाच कोणाच्या तरी पाटीतून आला. नवी कोंबडी आणली की तीन आठवडे तिचे खुराडे वेगळे, पाण्याचे भांडे वेगळे.

मग राणीखेतची लस कधी? पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना लासोटा ही सौम्य लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही कडक लस, अर्धा मिली, पंखाखाली कातडीत. लासोटा न देता थेट आर-टू-बी टोचू नका आणि आठ आठवड्यांच्या आत तर नकोच. त्या लसीनेच पिल्ले पडतात. अंड्यावरच्या कोंबडीलाही ती टोचू नका, अंडी घटतात. तिला दर दोन-तीन महिन्यांनी लासोटा पाण्यातून द्या. त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नको, टॉनिक नको, कसलेच औषध नको. नळाचे पाणी टाळा, विहिरीचे किंवा बोअरचे घ्या. रोग घरात शिरल्यावर लस टोचायला धावू नका. तीच सुई एका कोंबडीचा रोग दुसरीला देते.

बहुतेक ठिकाणी लस वाया जाते ती उन्हाने. बाटली खिशात घालून मोटारसायकलवर वीस किलोमीटर आणली तर तुम्ही कोंबडीला पाणी टोचता आहात. थर्मासात बर्फ घाला, पहाटे अंधारात टोचा, आणि कालवलेली लस दोन तासांत संपवा. उरलेली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, फ्रीजमध्ये ठेवली असली तरी नाही.

यावर मी सगळीकडे एकच उपाय सांगतो, लोक कंटाळले तरी सांगतो. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचे डोस असतात आणि तुमच्याकडे आहेत पंधरा. म्हणून अख्ख्या वस्तीने एकाच पहाटे लस करायची. कोंबड्या खुराड्यात असतात, पकडायला धावावे लागत नाही. एका घराने केली आणि शेजारच्याने नाही, तर रोग वस्तीतच राहतो आणि तुमच्या नव्या पिल्लांची वाट बघतो.

प्रश्न (मंगळवेढा तालुका, एका ताईंचा): दिवाळीनंतर अंडी थांबली. दुकानात ‘अंडी वाढवायचे’ टॉनिक सुचवले. घ्यावे का?

ताई, नको. पिसे गळत असतील तर कोंबडी कात टाकतेय, तिला महिना-दोन महिने द्या. गळत नसतील तर दिवस लहान झालाय. डिसेंबरात आपल्याकडे जेमतेम अकरा तास उजेड असतो आणि अंड्यावरच्या कोंबडीला चौदा ते सोळा तास लागतो. पहाटे साडेतीन-चारला एक साधा एलईडी दिवा लावा, उजाडले की बंद. रात्रभर जाळू नका, तिला झोप लागते. तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या खुराड्यात हा दिवा नको, वेळेआधी अंड्यावर येतात आणि अंग बाहेर येते. आणि कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल तर ते आजारपण नव्हे. अंडी हवीत तर तिला आठवडाभर हवेशीर डालग्यात ठेवा, पिल्ले हवीत तर बसू द्या.

खाणे वस्तीवरचेच चालते: दिवसभर फिरून, संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा मका, थोडी तुरीची चुणी. पण पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आणि बुरशीचा मका ‘कोंबड्यांना चालतो’ म्हणून टाकता, ते बंद करा. बुरशीचे विष यकृत खाते. बीजप्रक्रिया केलेले उरलेले बियाणे अंगणात सांडू नका. सांगोल्याकडच्यांना वेगळे सांगायला नको, पण सांगतो: डाळिंबावर फवारणी असेल त्या दिवशी कोंबड्या कोंडा.

प्रश्न (अक्कलकोट तालुका): उन्हाळ्यात कवच पातळ, कधी बिनकवचाचे अंडे. कॅल्शियमची बाटली किती द्यावी?

बाटली कशाला? शिंपल्याचा चुरा वेगळ्या डब्यात ठेवा, जिला हवा ती खाईल. सगळ्यांच्या खाद्यात कालवू नका, पिल्लांना जास्त कॅल्शियम झाले की मूत्रपिंडात खडे होतात. आपल्याकडे पारा चाळिशीपार गेला की कोंबडी धापा टाकते आणि त्यानेच कवच पातळ होते. पत्र्यावर चुना मारा, वर कडबा टाका, गार पाणी दिवसातून चार वेळा बदला, दाणे सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर द्या. भर दुपारी नाही.

अंगावर उवा-पिसवा झाल्यात म्हणून पिकाचे कीटकनाशक फवारणारेही भेटतात. राख आणि बारीक मातीचा खड्डा करून द्या, त्या स्वतः लोळतात. खुराड्याच्या फटी चुन्याने लिंपा.

योजनेचे विचारणाऱ्यांना: तलंगा गट, २५ माद्या आणि ३ नर, ५० टक्के अनुदान. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करा. तलंगा आल्या की आधी लसीचा दाखला बघा, मग सही करा.

होळीच्या आधी वस्तीवरच्या कोंबड्या मोजून ठेवा, घराप्रमाणे आकडा आणि वय लिहा आणि दवाखान्यात कळवा, म्हणजे लसीच्या बाटल्या तेवढ्याच येतील. थर्मास आणि बर्फ तुमच्याकडून.