वहीतले फोटो पोचलेच नाहीत तर...

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. 'पेशी व पेशीअंगके' घेताना सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पापुद्र्याचे मोबाईलवर फोटो काढले. रात्री घरच्या लॅपटॉपवर, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, वननोटच्या (मायक्रोसॉफ्टचं डिजिटल वहीचं अ‍ॅप) क्लास नोटबुकमध्ये, म्हणजे वर्गाच्या सामायिक वहीत, ते पानावर टाकले आणि लगेच ते पान सगळ्या मुलांच्या वह्यांत वाटलं. माझ्या लॅपटॉपवर फोटो व्यवस्थित दिसतात. मुलांकडे मजकूर आहे, पण फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. शाळेच्या संगणकावरही तेच. एक सहकारी म्हणतात, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. तसं करू का?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, कृपा करून अ‍ॅप काढू नका. त्या लॅपटॉपवरून साइन आउटही करू नका. तुम्ही लिहिता त्यावरून फोटो नाहीसे झालेले नाहीत, ते लॅपटॉपबाहेर पडलेच नाहीत. चिठ्ठी एस.टी.नं पुढे गेली आणि सामान स्टँडवरच राहिलं, तसं झालंय. मजकूर हलका, तो लगेच इंटरनेटवर चढतो. फोटो एकेक काही एमबीचा, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात लॅपटॉप मिटला की अपलोड तिथेच थांबतं. वहीत टाकलेले ते फोटो आत्ता फक्त तुमच्या लॅपटॉपच्या साठ्यात आहेत. अ‍ॅप काढलंत तर तेही जाऊ शकतात.

खात्री करायला तीच वही ब्राउझरमध्ये उघडा. तिथे फोटो दिसत नसतील, तर अडचण तुमच्याकडून वर चढण्यात आहे. दिसत असतील, तर समोरच्याच्या यंत्रात किंवा मुलांना वाटलेल्या प्रतींत. बाकी काही करण्याआधी एवढं पाहा, निम्मी धावपळ वाचते.

चढले नसतील, तर लॅपटॉप चार्जरला लावा, शाळेच्या वायफायवर या, ते पान उघडून शिफ्ट आणि एफ९ दाबा, म्हणजे वही सिंक होते, राहिलेलं वर चढू लागतं. फाइल, मग इन्फो, मग व्ह्यू सिंक स्टेटस इथे वहीपुढे एरर दिसतोय का बघा. खात्यातली जागा भरली असेल तरी काम अडतं. मग आधी जागा रिकामी करायला हवी. लॅपटॉपवर 'वननोट फॉर विंडोज १०' हे जुनं अ‍ॅप असेल, तर त्याला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. नवं वननोट घ्या, पण जुन्यातलं सगळं वर चढल्यावरच.

आता मुलांच्या वह्या. इथेच बहुतेक शिक्षकांची फसगत होते. पान वाटलं की प्रत्येक मुलाच्या वहीत त्याची स्वतंत्र प्रत तयार होते. तुमच्या मूळ पानावर फोटो नंतर आले, म्हणून मुलांच्या प्रतीही भरतील असं धरून चालू नका. ब्राउझरमध्ये फोटो दिसल्यावर पान पुन्हा वाटा आणि एखाद्या मुलाचा विभाग ब्राउझरमध्येच उघडून बघा. पहिली प्रत मात्र पुसू नका. कुणीतरी त्या रिकाम्या चौकटीखाली उत्तरं लिहिली असतील. आईचा फोन संध्याकाळी तासभर हातात येतो, त्यात लिहिलेली उत्तरं आहेत ती. शिवाय चौकट रिकामी दिसली की आपल्याच फोनमध्ये बिघाड आहे असं समजून बरीच मुलं गप्प बसतात. म्हणून वर्गात स्वतः सांगा, की फोटो माझ्याकडून पोचले नव्हते.

एखाद्याच मुलाच्या वहीतून फोटो गेला असेल, तर बहुधा बोट लागून तो पुसला गेलेला असतो. पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडा, त्यात सापडतो. अख्खं पानच पुसलं असेल, तर वहीच्या रिसायकल बिनमध्ये ते ६० दिवस राहतं. यापुढे आकृतीवर राइट क्लिक करून 'सेट पिक्चर अ‍ॅज बॅकग्राउंड' करा, म्हणजे ती चुकून सरकत किंवा पुसली जात नाही. केवळ बघायच्या आकृत्या कंटेंट लायब्ररीत ठेवा. तिथे मुलांना फक्त वाचता येतं.

पुढच्या वेळी फोटो टाकण्याआधी लहान करा. पेशीभित्तिका आणि केंद्रक ओळखू येण्याइतका स्पष्ट असला की पुरे. आणि पुन्हा वाटलेल्या पानाच्या नावात 'फोटोंसह' असं लिहा, म्हणजे कोणती प्रत उघडायची हे मुलांना कळेल.