गंजलेले बॉनेट लॉक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे चौदा वर्षे वापरात असलेला डिझेल पिकअप आहे. आंब्याच्या हंगामात पेट्यांची वाहतूक त्यावरच होते आणि पावसाळ्यात तो मांगरासमोर जवळपास उघड्यावरच उभा असतो. या वेळी पावसाळ्यानंतर बॉनेट उघडण्याचा केबिनमधील खटका ओढला असता तो अतिशय कडक लागला आणि बॉनेट उघडलेच नाही. गावातील मेकॅनिकने पहार घालून उचकटू असे सुचवले आहे. तसे करावे का? आणि लॉक नवीन घालावे की जुनेच दुरुस्त करून घ्यावे?
– एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर: पहार मुळीच लावू नये. बॉनेटची कड आणि लॉक ज्यावर बसवलेले असते ती पुढची आडवी पट्टी एकदा वाकली, की नवे लॉकही नीट जुळत नाही आणि लॉकच्या खर्चात डेंटरचा खर्च मिळवावा लागतो. आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे खटका कडक लागतो, ही होय. केबल तुटली असती तर खटका हातात सैल आला असता. तो कडक आहे, याचा अर्थ केबल बहुधा अजून शाबूत आहे आणि अडथळा लॉकच्या सांध्यात किंवा केबलच्या आवरणात आहे. म्हणून पक्कड लावून खटका ओढण्याचा मोहही टाळावा, कारण तशाने केबलच्या टोकाची घुंडी निखळते आणि किरकोळ काम मोठे होऊन बसते.

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून किल्ली काढून घ्यावी व इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. ग्रिलच्या फटीतून बॅटरीचा उजेड टाकला की बहुतेक पिकअपमध्ये मधोमध असलेले लॉक दिसते. बारीक नळी असलेल्या डब्यातून गंज सैल करणारे पातळ तेल लॉकच्या रिव्हेटवर, स्प्रिंगच्या मुळाशी आणि केबल जिथे आवरणातून बाहेर पडते तिथे सोडावे. तेवढ्यावर लगेच ओढाताण करू नये. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे रिव्हेट आणि लॉकची पट्टी यांच्यातील फट अक्षरशः भरून गेलेली असते आणि तेलाला तिच्यात झिरपायला वेळ लागतो. संध्याकाळी तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे आणि मगच प्रयत्न करावा.

हा प्रयत्न दोघांनी मिळून करायचा असतो. एकाने लॉकच्या बरोबर वर, दोन्ही तळव्यांनी बॉनेट खाली दाबावे आणि झटकन सोडावे. असे लागोपाठ चालू असताना दुसऱ्याने केबिनमध्ये बसून खटका एकसारखा, हिसका न देता ओढून धरावा. बॉनेटखालचे रबरी बफर त्याला सतत वर ढकलत असतात, त्यामुळे बॉनेटचा आकडा लॉकच्या जिभेवर, म्हणजे त्याला अडकवून धरणाऱ्या हलत्या भागावर, दाबून बसलेला असतो. वरून दाब दिला की तो ताण उतरतो आणि जी जीभ एरवी हलत नाही ती सुटते. अडकलेली बहुतेक लॉके या एका उपायाने उघडतात. तरीही यश आले नाही तर ग्रिलचे स्क्रू काढून, किंवा ते बाहेरून निघत नसतील तर ग्रिलच्या फटीतून, लांब स्क्रू ड्रायव्हरने जिभेचा दांडा केबल ज्या दिशेला ओढते त्याच दिशेला सरकवावा. गॅसची ज्योत मात्र कोणी सुचवली तरी लावू देऊ नये. तिथे वायरिंग आहे, रेडिएटर आहे, आणि आपण नुकतेच सोडलेले तेलही पेट घेते.

बॉनेट उघडल्यावर काय दिसेल, ते देवगडच्या हवेवरून सांगता येते. वाऱ्याबरोबर आलेले मीठ लॉकवर साचते आणि हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ स्वतःच ओलावा ओढून पाण्यासारखे होते. आपल्याकडे पावसाळ्यात तर हवा बहुतेक काळ त्याहून दमट असते. लॉकवर जस्ताचा पातळ मुलामा असतो, पण तो सर्वांत आधी झिजतो तो भाग एकमेकांवर घासतात तिथे, म्हणजे रिव्हेटच्या भोवती आणि जिभेच्या टोकाशी. ज्या जागा मोकळ्या हलायला हव्यात नेमक्या त्याच म्हणून प्रथम गंजतात. त्यात जांभ्याची तांबडी धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून घट्ट लगदा होतो.

लॉक काढण्यापूर्वी बोल्टभोवती रंगाने किंवा टोकदार खिळ्याने खूण करून ठेवावी, कारण बोल्टची छिद्रे लांबट असतात आणि खूण नसेल तर बॉनेट पुन्हा जुळवण्यात दुपार जाते. स्प्रिंग काढण्याआधी ती कशी अडकवली आहे याचा मोबाइलवर फोटो घ्यावा व डोळ्यांवर चष्मा ठेवावा. मग लॉक रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने लख्ख घासावे आणि प्रत्येक सांधा हाताने पुढेमागे हलवत राहावे. इथे एक कळकळीची सूचना आहे. गंज झटपट जावा म्हणून संडास साफ करण्याचे ॲसिड वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. लॉकच्या पट्टीचे त्याने फारसे बिघडत नसेलही, परंतु स्प्रिंगच्या कडक पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि ती ठिसूळ होते. दिसायला चकचकीत असलेली ती स्प्रिंग पुढे केव्हाही, गाडी धावत असतानासुद्धा, तुटू शकते.

नवे की जुने, याचा निर्णय लॉक साफ झाल्यावरच करता येतो. रिव्हेटचे छिद्र गोल राहिले असेल, जिभेचे टोक झिजून गुळगुळीत झाले नसेल आणि स्प्रिंग जोमाने परत येत असेल, तर जुने लॉक खुशाल वापरावे. जुन्या गाड्यांच्या लॉकची पट्टी पुष्कळदा जाड असते आणि ती टाकून देण्याचे कारण नसते. रिव्हेट खुळखुळत असेल किंवा पट्टीला चीर असेल तर मात्र वेल्डिंगने डागडुजी न करता लॉक बदलावे. केबलच्या बाबतीत मी इतका उदार होणार नाही. तिच्या आवरणात शिरलेला गंज पूर्णपणे निघत नाही, तेव्हा इतके श्रम केलेच आहेत तर केबल नवीनच घालावी. लॉकमागची आडवी पट्टीही स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावी. ती पोखरली असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी; कुजक्या पत्र्यावर नवे लॉक बसवण्यात अर्थ नाही.

हलत नसलेल्या भागांना रेड ऑक्साइड प्रायमर व रंग द्यावा आणि सांध्यांना लिथियम ग्रीस अगदी पातळ लावावे. जळके ऑइल वापरू नये, ते धूळ धरते. शेवटी, बॉनेट बंद करण्यापूर्वी, स्क्रू ड्रायव्हरची दांडी लॉकमध्ये दाबून जीभ ‘खट्’ बसवावी आणि कोणाला तरी खटका ओढायला सांगावे. दांडी दर वेळी सहज सुटली तरच बॉनेट खाली आणावे, अन्यथा पहिल्या दिवसाचे सारे काम पुन्हा करावे लागेल.

प्रश्न: माझ्या पिकअपचे मुख्य लॉक चांगले आहे, परंतु बॉनेट थोडे उचलल्यावर बोटाने सरकवायचा दुसरा हूक गंजून बाजूला पडून राहतो. लॉक नीट बसते, तेव्हा या हुकाकडे दुर्लक्ष केले तर चालेल का? डब्ल्यूडी-४० मारून तो सुटतो, पण काही आठवड्यांत पुन्हा अडकतो.
– एक वाचक, अलिबाग

उत्तर: दुर्लक्ष करू नये. मुख्य लॉक धावत्या गाडीत सुटले तर बॉनेट उलटून काचेवर आदळण्यापासून वाचवणारा तो एकच भाग आहे आणि त्याचे काम नेमके लॉकने दगा दिल्यावरच सुरू होते. आपण वापरता ते द्रव १९५३ साली अमेरिकेत धातूवरील पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले. अडकलेला भाग मोकळा करण्यास ते उत्तम आहे, पण त्याचा थर पातळ असल्याने खाऱ्या हवेत ग्रीसची जागा ते घेऊ शकत नाही. हूक मोकळा झाला की तो रॉकेलने धुऊन वाळवावा आणि सांध्यात ग्रीस भरावे. बोटाने सरकवून सोडल्यावर तो स्वतःहून पूर्ण जागेवर आला पाहिजे. येत नसेल तर स्प्रिंग थकली आहे, ती बदलावी. तोपर्यंत बॉनेट बांधून महामार्गावर जाऊ नये. दुरुस्तीसाठी गॅरेजपर्यंत न्यायचेच असेल तर ग्रिलच्या प्लॅस्टिकला नव्हे, पुढच्या लोखंडी पट्टीला मजबूत पट्टा बांधावा आणि गाडी सावकाश न्यावी.