रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तरी लोक हात लावत नाहीत. माणुसकी आटली का?

आटली असं मला वाटत नाही. माझं घर हायवेला लागून आहे, त्यामुळे असले प्रसंग खिडकीतूनच दिसतात. थांबणारे भरपूर असतात. हात घालणारे कमी.

मागच्या पावसाळ्यात वळणावर एक मुलगा बाइकसकट घसरला. बघता बघता गर्दी जमली. कोणी बाइक उभी केली, कोणी रस्त्यातली चप्पल उचलून कडेला ठेवली, एकाने मागून येणाऱ्या टँकरला हात करून थांबवलं. पण डोक्यातून रक्त वाहतंय म्हटल्यावर "हात लावू नका हो, पोलीस केस आहे" असा सूर निघाला आणि सगळे दोन पावलं मागे सरकले. शेवटी भाजीवाल्या मावशींनी डोक्यावरचा टॉवेल काढून जखमेवर दाबला आणि 108 येईपर्यंत धरून बसल्या. (व्हिडिओ काढणारे होतेच. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.)

ही धास्ती उगाच आलेली नाही. जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून जबाब, पंचनामा, कोर्टाच्या तारखा असं लचांड मागे लागलेली माणसं आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलीत. खरं तर आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं होतं. 2016 मध्ये मदत करणाऱ्याला त्रास न देण्याच्या मार्गदर्शक सूचनांवर न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं: चांगल्या हेतूने मदत करताना हातून काही चुकलं तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. 2020 च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही.

हे माहीत कोणाला आहे? हे हक्क दवाखान्याच्या दारात स्थानिक भाषेतही लावायचे असा नियम आहे. आमच्या भागात मला तरी तो फलक दिसलेला नाही. सरकारने बक्षीसही ठेवलंय, 2021 मध्ये 5,000 होतं, आता 25,000. पण अडतंय ते पैशांवाचून नाही, भीतीपायी.

26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईकरांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं वाटली. त्या रात्री दार उघडलं म्हणून नंतर कोणाला जबाब द्यावा लागणार नव्हता.

लिफ्ट देणं मात्र खरंच कमी झालंय. रात्री मीही देत नाही.

असा प्रसंग आलाच तर 108 लावा, रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू देऊ नका, आपल्याकडे ते हमखास होतं. दवाखान्यात "तुम्ही पेशंटचे कोण?" विचारलं, तर "कोणी नाही, रस्त्यात दिसले म्हणून आणलं" एवढं सांगून निघता येतं.