ती हो म्हणते, पण कागद काही आणत नाही

निवृत्तीनंतर परदेशात जाऊन राहायचं ठरवलेल्या जोडप्यांकडून एक तक्रार समुपदेशक म्हणून मला हल्ली वारंवार ऐकू येते. देश वेगळे असतात, वयं वेगळी असतात, वाक्य मात्र तेच: "आमचं दोघांचं ठरलंय, पण हिच्याकडून काही हलत नाही." कधी 'ही'च्या जागी 'हे' असतात. एक जण रात्ररात्र बसून व्हिसाचे नियम वाचतो, तक्ते करतो, तिकडे राहून आलेल्यांना फोन लावतो. दुसरा हो हो म्हणतो आणि पासपोर्टची मुदत संपत आली तरी तिकडे बघत नाही. मग पहिला माझ्याकडे येऊन विचारतो, "हिला तयार कसं करू?"

मी याचं उत्तर देत नाही. दोघांना बोलावते आणि येताना फाइल घेऊन या म्हणते. एकेकट्याचं मन उकरत बसण्यापेक्षा दोघांच्या मध्ये काय अडलंय ते बघावं, अशी माझी रीत आहे. ती सगळ्या सहकाऱ्यांना पटत नाही, पण इतक्या वर्षांनंतर ती बदलावी असं मला वाटलेलं नाही.

प्रभाकरराव आणि सुनीताताई (नावं अर्थातच बदललेली) असेच आले. ते ६३ वर्षांचे, त्या ५७. दोघंही नोकरी करून निवृत्त झालेले, दोघांनाही पेन्शन. थायलंडमध्ये चियांग माय या शहरात घर भाड्याने घेऊन राहायचं, हे प्रभाकररावांचं जुनं स्वप्न. तिथल्या निवृत्तांच्या व्हिसाचे नियम त्यांना तोंडपाठ होते. वय किमान ५० हवं. बँकेत ८ लाख बाट (तिथलं चलन), किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख भरायला हवेत. आरोग्य विमा हवा, पोलिसांचा दाखला हवा, वैद्यकीय दाखला हवा. त्या वैद्यकीय दाखल्यात कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीपाय रोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि सिफिलिसची तिसरी अवस्था यांपैकी काहीही नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. सुनीताताई तेवढ्यापुरत्या हसल्या. "यांनी डॉक्टरांना तो कागद दाखवला तेव्हा मी बाहेरच थांबले होते," म्हणाल्या.

अडचण अशी, की हे दोन्ही दाखले तीन महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. अर्ज प्रभाकररावांचा आणि सुनीताताई त्यांची बायको म्हणून जाणार, त्यामुळे त्यांना फक्त लग्नाचा दाखला आणून द्यायचा होता. तो येईना, आणि प्रभाकररावांचे दाखले शिळे होत राहिले. "आता पुन्हा पोलिसांकडे जाऊ का मी?" ते वैतागून म्हणाले.

सुरुवातीची बैठक अशीच गेली. ते हवामान सांगायचे, खर्चाचे आकडे सांगायचे, त्या मान डोलवायच्या. पुढे एकदा मी फाइल सुनीताताईंच्या हातात दिली.

"यात तुमचे कागद कुठले आहेत, दाखवता?"

त्यांनी पानं उलटली. नवऱ्याचं बँकेचं पत्र, नवऱ्याच्या पेन्शनचा कागद, नवऱ्याचे दोन्ही दाखले. शेवटी त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि त्यामागे एक रिकामं प्लास्टिकचं पाकीट. त्यावर प्रभाकररावांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: 'विवाह प्रमाणपत्र – सुनीता'.

"हा रिकामा कप्पा माझा," त्या म्हणाल्या. "३१ वर्षं नोकरी केली मी, मॅडम. तिकडे मी कोण, तर यांच्याबरोबर आलेली."

"अगं, ती नुसती पद्धत आहे अर्जाची. एजंटनेच तसं सांगितलं."

"असेल. पण उद्या तुम्हाला काही झालं, तर मी तिथे किती दिवस राहू शकते?"

"असं अभद्र कशाला बोलतेस?"

इथे मी त्यांना थांबवलं. "प्रभाकरराव, हे अभद्र नाही. नियमांतलाच प्रश्न आहे. तुमच्या तक्त्यात याचं उत्तर कुठे आहे?"

त्यांनी खरोखरच तक्ता उघडला. वाचत खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले. मी काही बोलले नाही. अशा वेळी मदतीला धावायचा मोह होतो, तो आवरणं हे आमच्या कामातलं निम्मं कौशल्य. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला. "हे मी बघितलंच नाही," ते बायकोला म्हणाले. मला नव्हे, बायकोला. त्या क्षणी मला कळलं की गाडी रुळावर आली.

इतके दिवस सगळे सुनीताताईंना परदेशाची भीती वाटते असं धरून चालले होते. मुलगी आईला व्हिडिओ पाठवत होती, बहीण धीर देत होती. भीती परदेशाची नव्हतीच. जोडीदाराच्या आधाराने मिळालेला मुक्काम मुख्य अर्जदाराच्या परवान्याला टांगलेला असतो. तो परवाना संपला, की मागे राहिलेल्याला स्वतःचा वेगळा आधार दाखवावा लागतो, आणि तोही ऐन दुःखाच्या दिवसांत. सुनीताताईंनी हे वाचलेलं नव्हतं, पण त्यांना ते बरोबर जाणवलं होतं. दाखला न आणणं हे त्यांचं बोलणंच होतं.

पुढच्या वेळी प्रभाकरराव माहिती काढून आले. सुनीताताई पन्नाशीच्या पुढच्या, तेव्हा त्या स्वतः मुख्य अर्जदार होऊ शकत होत्या. "पण मग अट दोघांना वेगवेगळी पुरी करावी लागेल. केवढे पैसे अडकतील!" त्यांचा हिशेबी स्वभाव काही गेला नव्हता. "माझी पेन्शन आहे की," सुनीताताई म्हणाल्या, "उरलेले फंडातून घालीन." स्वतःचे दोन्ही दाखले त्यांनी नवऱ्याच्या आधी मिळवले. त्यांनी एक अटही घातली: फेब्रुवारी ते एप्रिल चियांग मायला थांबायचं नाही. त्या भागात तेव्हा शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर कोंडतो आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. हेही त्या आधी कधी बोलल्या नव्हत्या.

म्हणून अशा जोडप्यांना मी सांगते, की देश निवडण्याआधी मागे राहणाऱ्याचं काय ते बोलून घ्या. थायलंडमध्ये खातेदार गेला की त्याच्या खात्यातले पैसे बायकोला आपोआप मिळत नाहीत. कोर्टाने वारसा-व्यवस्थापक नेमेपर्यंत खातं अडकतं. दोघांच्या नावावर स्वतंत्र रक्कम हवी आणि तिथल्या मालमत्तेपुरतं इच्छापत्र हवं. परदेशी माणसाला तिथे स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही, फ्लॅट घेता येतो, पण निदान पहिलं वर्ष भाड्यानेच राहावं असं मी आग्रहाने सांगते. 'कायमचं जातोय' हे घरी जाहीर करायची तर अजिबात घाई नको. मुक्काम एकेका वर्षाचा असतो, दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, आणि पुन:प्रवेशाचा परवाना न घेता नातवंडाच्या बारशाला आलात तर मुक्कामच रद्द होतो. एका वर्षाचा निर्णय एका वर्षाएवढाच ठेवला, की हो म्हणणाऱ्याला खरंच हो म्हणता येतं.

एक गोष्ट राहिली. जोडीदार पन्नाशीच्या आतला असेल तर त्याला हा स्वतंत्र मार्ग खुला नाही, त्याला आधारानेच जावं लागतं. अशा जोडप्यांना मी घाई करू देत नाही. धाकट्याला पन्नास पूर्ण होईपर्यंत सुट्टीपुरतं जाऊन राहा, इकडचं घर विकू नका. थांबणं शक्यच नसेल, तर परतीचं भाडं आणि वर्षभराचा खर्च धाकट्याच्या नावावर आधी वेगळा काढा, आणि मगच फाइल उघडा.