वायफाय, लॅपटॉप, एलईडी दिव्यांचा त्रास होतो. घरात राहायचं कसं?

राउटर चालू असला की डोकं जड होतं, लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात, झोप लागत नाही, मग शिल्डिंगचा म्हणजे लहरी अडवणारा रंग लावावा की धातूच्या जाळीची मच्छरदाणी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. अजून काहीच विकत घेऊ नका. तुमचा त्रास खरा आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या टिपणातही तो खराच मानलाय. मात्र तो विद्युतचुंबकीय लहरींमुळे होतो, हे चाचण्यांत टिकलेलं नाही. 2010 पर्यंतच्या 46 प्रयोगांत असा त्रास असलेल्या 1175 जणांना सिग्नल चालू आहे की बंद, हे न सांगता तपासलं गेलं. लहरी ओळखता येतात असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही, आणि खोट्या सिग्नलनेही त्रास होत होता. पण उपकरणातून लहरींखेरीज प्रकाश, आवाज आणि गळतीचा प्रवाहही बाहेर येतो. हे तिन्ही शरीराला खरोखर जाणवतात.

सगळ्यात आधी एक तातडीची गोष्ट. घराबाहेर पडलं की डोकेदुखी थांबत असेल आणि घरात गॅस गिझर, शेगडी किंवा हीटर असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. खिडक्या उघडा, गिझर बंद ठेवा, अलार्म बसवा. त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

आता मुंग्या. धातूच्या लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर असेल, तर चार्जरमधल्या कपॅसिटर नावाच्या एका छोट्या भागामुळे लॅपटॉपची बॉडी सप्लायच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. मल्टिमीटरवर 100 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तरी प्रवाह सहसा पाव मिलिअँपिअरच्या आत असतो. धोका नाही, पण हात हलका फिरवला की पृष्ठभाग थरथरल्यासारखा लागतो. अर्थिंगची पिन असलेला चार्जर वापरला की हे थांबतं, अर्थात सॉकेटचं अर्थिंग खरं असेल तरच. फेज आणि अर्थमध्ये व्होल्टेज दिसलं एवढ्यावर समाधान मानू नका. इलेक्ट्रिशियनला लूप टेस्टरने, म्हणजे अर्थिंग खरंच काम करतं का ते मोजणाऱ्या उपकरणाने, बघायला सांगा. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल, तर तो चार्जर लगेच काढून टाका.

दिव्यांकडे फार कमी लोक बघतात, आणि माझ्या मते डोकेदुखीचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. 50 हर्ट्झच्या सप्लायवर हलक्या ड्रायव्हरचा (आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण संवेदनशील माणसाचं डोकं दुखू शकतं. फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून, सेकंदाला 240 फ्रेमवर, दिवा टिपा. उजेड धडधडताना दिसला तर तो बल्ब बदला. 100 हर्ट्झला हा चढउतार 8 टक्क्यांच्या आत असावा, असं आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेचं 1789 हे 2015 चं मानक सुचवतं. बऱ्याच फोनचा स्क्रीनही ब्राइटनेस कमी केला की लुकलुकतो. तो मध्यम ठेवा आणि खोलीतला उजेड वाढवा.

चार्जरची बारीक शिट्टी तरुण कानांना 15 किलोहर्ट्झच्या वरही ऐकू येते. काम नसताना चार्जर सॉकेटमधून काढा. झोपेत फरक पडतो का ते बघा.

हे सगळं करूनही राउटरचा संशय उरला, तर घरीच चाचणी घ्या. राउटरच्या दिव्यांवर काळी टेप लावा आणि तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर नेटवर्क दिसून उत्तर फुटतं. दुसऱ्याने नाणं उडवून सेटिंगमधून वायफाय चालू किंवा बंद करावं आणि तुमच्यासमोर येऊ नये. अर्ध्या तासाने तुमचा अंदाज कागदावर लिहा. अनेक दिवसांत मिळून 20 फेऱ्या करा. नुसत्या अंदाजाने 15 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण 50 त 1 असते. तितके आले तर पुन्हा 20 फेऱ्या घ्या. नाही आले तर राउटर सोडून द्या आणि डॉक्टरांकडून रक्तक्षय, थायरॉइड, मायग्रेन, झोपेतला श्वासरोध तपासून घ्या. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा, या त्रासात उपयोग झालेला आहे. ती घेणं म्हणजे त्रास खोटा ठरणं नव्हे.

तरीही अंतर ठेवल्याने मनाला स्वस्थ वाटत असेल तर जरूर ठेवा. अंतर दुप्पट केलं की राउटरच्या लहरींची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. 0.1 वॉटच्या राउटरपासून 1 मीटरवर साधारण 0.008 वॉट प्रति चौरस मीटर मिळतात, आणि आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची 2020 ची मर्यादा 10 आहे. वायफायऐवजी लॅन केबल जोडलीत तर राउटरचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्ही वायफाय बँड वेगवेगळे बंद करा. एक चालू राहून जातो.

जाळीच्या मच्छरदाणीत फोन आत नेलात तर तो सिग्नल शोधायला उलट जास्त ताकद लावतो. अँटेनावर चिकटवायच्या स्टिकरचंही तेच. शिवाय त्या जाळीचा 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रावर काहीच परिणाम होत नाही. अर्थिंगला जोडायची चादर तर घेऊच नका, कारण वायरिंग चुकलेलं असेल तर तो धोका थेट अंगाशी येतो.

चुंबकीय क्षेत्र खरोखर कमी करायचं असेल तर वायरिंग तपासा. बोर्डात एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरच्या (तारेभोवती लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यात धरायला इलेक्ट्रिशियनला सांगा. लोड चालू असताना आकडा शून्याजवळ हवा. येत नसेल तर दोन सर्किटचे न्यूट्रल कुठेतरी एकमेकांत मिसळलेत किंवा प्रवाह अर्थमध्ये गळतोय. ही चूक इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्या; तिच्यामुळे आगीचा आणि शॉकचाही धोका असतो.