इटली: गाडी की रेल्वे?

प्रश्न : आम्ही दोघं सात रात्रींत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पाहणार आहोत. गाडी भाड्याने घ्यावी का?

उत्तर : नको, रेल्वेच बरी. जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बहुधा बंदी. कॅमेरा नंबर टिपतो, दंड महिन्यांनी घरी येतो. वेगवान रेल्वेने रोम-फ्लॉरेन्स सुमारे दीड तास, पुढे व्हेनिस सव्वादोन. तिकीट व्हेनिसच्या ‘सांता लुचिया’ स्थानकाचं काढा, आधीच्या ‘मेस्त्रे’ स्थानकाला उतरलात तर खाडीच्या अलीकडेच राहाल. प्रादेशिक रेल्वेगाडीच्या कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का उमटवा, नाहीतर तिकीट असूनही दंड! रोमला तीन रात्री, बाकी दोन-दोन. उफ्फिझी संग्रहालय सोमवारी बंद, तो दिवस फ्लॉरेन्सला देऊ नका. तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच पाहा.